हाताला काम

माझं काम हातांकडे बघायचं आहे. सिनेमाच्या सेटवर मी कंटिन्युइटी सांभाळते. मॉनिटरच्या बाजूला प्लॅस्टिकचं स्टूल, मांडीवर वही, गळ्यात अडकवलेला फोन. वहीत असल्या नोंदी: पेला उजव्या हातात, निम्मा. पदर डाव्या खांद्यावरून पुढं, टोक कमरेला खोचलेलं. ‘येतो’ म्हणताना भाकरी तव्यावर, पहिली बाजू. एकच प्रसंग सकाळी लांबून घेतात, दुपारी जवळून घेतात आणि कधी आभाळ आलं म्हणून दुसऱ्या दिवशी पुरा करतात. संकलनाच्या टेबलावर हे तुकडे शेजारी बसले की पेल्यातलं पाणी वाढता कामा नये. त्यासाठी मी असते. नट काय वाटून घेतोय यापेक्षा तो कुठल्या हातानं काय उचलतोय हेच मला दिवसभर दिसतं.

असं वर्षानुवर्षं बघितल्यावर एक आवड तयार होते. नायक-नायिकेच्या हातांकडे मी नेमून दिलंय म्हणून बघते. कडेच्या बाईच्या हातांकडे मात्र नजर आपसूक जाते. पडद्यावर ती सहा-सात मिनिटं असते, नावांच्या पाटीत पाचवी किंवा नववी येते. या कामाला मराठीत धड नावही नाही. ‘चरित्र अभिनेत्री’ हा शब्द आपण हिंदीकडून घेतला, पण आपल्याकडे चरित्र म्हणजे एक तर कुणाची तरी जीवनकथा, नाही तर शील. ‘सहायक’ म्हटलं की टेबलामागचा कारकून डोळ्यांपुढं येतो. राष्ट्रीय पुरस्कारांतसुद्धा सहायक अभिनेत्रीचा वेगळा मान सुरू झाला तो १९८४ सालच्या चित्रपटांपासून, आणि पहिला मिळाला आपल्या रोहिणी हट्टंगडींना, गोविंद निहलानींच्या ‘पार्टी’साठी. त्याआधीची तीस-एक वर्षं पुरस्कार होते, या बायकाही पडद्यावर होत्या, पण यादीत त्यांच्यासाठी रकाना नव्हता.

एक शब्द मात्र आपल्याकडे फार चांगला आहे. अमकीनं त्या सिनेमात अभिनय केला, असं घरात कुणी म्हणत नाही. आपण म्हणतो, तिनं त्यात काम केलंय. या शब्दाचा पुरता अर्थ मला एका मे महिन्यात, माण तालुक्यातल्या एका घरात, चुलीसमोर कळला.

सिनेमा छोटा होता. दिग्दर्शक तिशीच्या आतला, त्याचा पहिलाच. पैसे मित्रांनी आणि एका नातेवाइकानं घातलेले. चाळीस माणसांचं युनिट, व्हॅनिटी नाही, गावातल्या शाळेच्या दोन खोल्या मेकअप आणि कपड्यांसाठी. नायक गावातलाच एक मुलगा, याआधी कॅमेरा न पाहिलेला. त्याच्या आईच्या कामासाठी मुंबईहून एक बाई आल्या होत्या. त्यांचं नाव मी इथं लिहीत नाही. सेटवर त्यांना सगळे ताई म्हणायचे, मीही तेच म्हणते. पन्नाशी ओलांडलेल्या. कॉलशीटवर त्यांच्या भूमिकेपुढं ‘आई’ एवढंच होतं, आणि दिवस चार.

शूटिंगच्या आधी दोन दिवस वाचन होतं. ताई त्यासाठी आल्या, त्या दोन दिवसांचे पैसे ठरलेले नसतानाही. दिग्दर्शकानं त्यांना आई समजावून सांगितली. सोशिक आहे, पोरावर जीव आहे, नवऱ्यापुढं बोलत नाही. ताईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“ही करते काय?”

“म्हणजे?”

“दिवसभर. कामाला कुठं जाते?”

पटकथेत ती चुलीपुढं होती, दारात होती, एकदा पाणी भरत होती. दिग्दर्शक म्हणाला, खुरपणीला जात असेल. ताई म्हणाल्या, “मे महिन्यात माणात खुरपणी कुठली रे?” ज्यांच्या घरात आम्ही शूटिंग करणार होतो त्या मावशी दाराशी बसल्या होत्या. त्या हसल्या आणि म्हणाल्या, खुरपान न्हाई, या दिसांत रोजगार हमीवर जात्यात बाया. एवढ्यानं आई ठरली. ती रोजगार हमीच्या कामावर मुरूम वाहते, संध्याकाळी घरी येऊन चूल पेटवते, आणि आपला प्रसंग तिथून सुरू होतो. पटकथेतलं एक वाक्यही बदललं नाही. पण कपडेपट बदलला, हात बदलले, आणि ती बाई कुठून तरी चालत आलेली दिसायला लागली.

रोजगार हमी योजना आपल्याच राज्यात जन्मली. १९७२ च्या दुष्काळात ही कामं निघाली आणि पुढं १९७७ मध्ये त्यांचा कायदा झाला. माण म्हणजे त्या दुष्काळाचा हक्काचा मुलूख. मावशींनी तरुणपणी पाझर तलावावर पाट्या वाहिल्या होत्या. ताई दोन संध्याकाळी त्यांच्यापाशी बसून राहिल्या. मी साडीच्या नोंदी करायला गेले होते म्हणून ते कानावर पडलं. त्यावेळी काय वाटायचं, हे ताईंनी एकदाही विचारलं नाही. त्यांचा प्रश्न होता, दुखायचं कुठं. मावशी म्हणाल्या, खांदं न्हाई, मान. डोईवरची चुंबळ सरकली की पाटी एका बाजूला कलते, आणि मग रात्रभर मान वळत न्हाई.

ताईंनी ती मान उचलली. चारही दिवस त्यांनी मान वळवली नाही. बाजूला बघायचं असलं की कमरेपासून वळायच्या. माझ्या वहीत पहिल्या दिवशीची नोंद आहे, ‘आई वळताना खांद्यासकट’, आणि पुढं मीच प्रश्नचिन्ह घातलंय, कारण ही सवय ताईंची की आईची हे मला ठरवता येईना. जेवणाच्या सुट्टीत त्या स्पॉटदादाला हाक मारताना मान सहज वळवत होत्या. मी प्रश्नचिन्ह खोडलं.

छाया कदमांचं काम बघताना मला ही मान आठवते. त्या शाळा-कॉलेजच्या काळात राज्य पातळीवर कबड्डी खेळलेल्या आहेत, वामन केंद्र्यांच्या कार्यशाळेतून ‘झुलवा’मार्फत नाटकात आल्या. ‘फँड्री’त नागराज मंजुळेंनी त्यांना नायकाच्या, जब्याच्या आईचं काम दिलं. त्या सिनेमात डुकरामागं धावणारं सगळं कुटुंब आठवा. त्या पळण्यात लाज आहे, राग आहे, पण त्याआधी ते शरीराचं काम आहे, पाय घट्ट रोवून केलेलं. दहा-अकरा वर्षांनी ‘लापता लेडीज’मध्ये त्या फलाटावर चहाची टपरी चालवणारी मंजूमाई झाल्या. तिथं अडकलेल्या नव्या नवरीला, फूलला, त्या जे जगायचं शिकवतात ते सगळं हात चालू असताना. पातेलं, पाव, कढई यांच्यामधून वाक्यं येतात, त्यामुळं त्या उपदेश करतायत असं वाटत नाही. गिऱ्हाईक उभं असताना उपदेशाला कुणाला वेळ असतो?

माणातल्या त्या प्रसंगाकडे येते. बाप आणि मुलगा दारात बोलतायत, मुलगा पुण्याला जायचं म्हणतोय. आई आत भाकरी करतेय. तीन पानांचा प्रसंग, त्यात आईला दोन वाक्यं. ज्यानं कधी भाकरी थापली नाही त्याला वाटेल, हातांना काही तरी उद्योग म्हणून भाकरी दिलीय. कंटिन्युइटीवाल्यासाठी मात्र भाकरी म्हणजे घड्याळ आहे. पीठ मळलं, गोळा केला, काटवटीत पीठ भुरभुरवलं, थापली, उचलून तव्यावर टाकली, वरच्या बाजूला पाणी फिरवलं. ते पाणी सुकायच्या आत उलटली पाहिजे, नाही तर तडे जातात. मग तवा बाजूला, आर पुढं ओढायचा, आणि भाकरी त्यावर फुगायला टाकायची. यातली एकही पायरी मागंपुढं करता येत नाही आणि थांबवताही येत नाही. मुलगा ‘जातो’ म्हणाला तेव्हा भाकरी तव्यावर होती, तर प्रत्येक टेकला ती तव्यावरच हवी.

पहिली अडचण पिठाची निघाली. प्रॉडक्शननं तालुक्याहून पिठाचं पाकीट आणलं होतं. ताईंनी गोळा केला, दोन थापा मारल्या आणि कडा फाटल्या. त्या म्हणाल्या, पिठाची विरी गेलीय. मावशींनी घरची ज्वारी दिली, ती गिरणीतून दळून येईपर्यंत चाळीस माणसं सावलीत बसली. प्रॉडक्शनचा मुलगा घड्याळाकडे बघत होता. शॉटमध्ये भाकरी फाटली असती तर दिसलं असतं का? शहरातल्या निम्म्या प्रेक्षकांना नसतं दिसलं. पण त्या घराच्या दारात बसलेल्या सगळ्या बायकांना दिसलं असतं, आणि ताईंचं तोंड त्यांच्याकडे होतं.

दुसरी अडचण आवाजाची. छोट्या सिनेमात हल्ली आवाज जागेवरच घेतात, मागाहून डबिंग करायला पैसेही नसतात आणि त्यातला जिवंतपणाही जातो. पहिल्या तालमीला साउंडवाल्यानं हात वर केला. “ताई, डायलॉगवर थाप येतेय.” बापाचं वाक्य आणि भाकरीची थाप एकावर एक. याचा नेहमीचा उपाय असा, की नटीनं थापण्याचा नुसता आव आणायचा आणि खऱ्या थापेचा आवाज मागून वेगळा घ्यायचा. ताईंनी एकदा तसं करून पाहिलं. हात हलके पडले, भाकरी होती तेवढीच राहिली. त्या म्हणाल्या, थाप हलकी मारली की ती वाढत नाही.

मग त्यांनी दहा मिनिटं मागितली. बाप करणारे जुने नट आणि तो नवा मुलगा यांना समोर बसवलं, दोघांना वाक्यं म्हणायला लावली, आणि आपण पिठाशिवाय मोकळ्या काटवटीवर थापा देत राहिल्या. एक वाक्य संपलं की थाप, थाप, हात फिरवणं. पुढचं वाक्य सुरू होताना हात पिठावर नुसते सरकत असायचे, त्याला आवाज नसतो. वाक्यांच्या फटींत त्यांनी थापा बसवल्या. तबल्याच्या साथीला बसलेला माणूस गवयाच्या श्वासाकडे लक्ष ठेवतो तसं त्यांचं त्या दोघांकडे होतं, आणि बघत मात्र त्या काटवटीकडे होत्या.

तेव्हा एक गोष्ट झाली, ती दिग्दर्शकाच्याही ध्यानीमनी नव्हती. तो नवा मुलगा तोपर्यंत वाक्यं घाईनं सोडायचा, पाठ केलेली कविता संपवावी तशी. आता त्याला थापेसाठी थांबावं लागायला लागलं. बापाचं वाक्य, तीन थापा, मग त्याचं. त्या तीन थापांएवढ्या वेळात त्याच्या चेहऱ्यावर काय काय होऊन जायचं. प्रसंग दोन पुरुषांचा होता आणि त्याची लय कोपऱ्यात बसलेल्या बाईच्या हातात होती. दिग्दर्शकानं माझ्याकडे वळून हळूच विचारलं, “लिहितेयस ना?” मी थापा मोजून लिहिल्या होत्या. ‘नाही’च्या आधी तीन. ‘पुण्याला’च्या आधी पाच. ‘जातो’ला हात थांबतात, पाणी सुकतं, भाकरीला तडा जातो. तो तडाही ताईंनीच ठरवला होता. अख्ख्या प्रसंगात आई चुकते ती तेवढी एकदा.

नऊ टेक झाले. भाकऱ्या जास्त झाल्या, तालमीच्या धरून पंधरा-सोळा. लाइटवाले आणि स्पॉटदादा ठेच्याबरोबर त्या खात उभे होते. चुलीच्या धुरानं ताईंचे डोळे लाल झाले होते, आणि दर टेकला लाली थोडी वाढत होती. तीही माझ्या वहीत आहे.

दुपारी क्लोज घेताना माझी चूक झाली. मी ताईंना सांगितलं, पीठ डाव्या हातानं भुरभुरवलं होतंत. त्या म्हणाल्या, उजव्या. मी वही दाखवली. त्या वाद घालत बसल्या नाहीत. प्लेबॅक लावला, उजवाच होता. मॉनिटरवर बघता बघता मी समोरच्या माणसाचा डावा-उजवा उलटा लिहिला होता, आणि हे काम करायला लागून मला नऊ वर्षं झाली होती. घशाशी आलं. ताई म्हणाल्या, “तू सारखी माझ्या समोर बसतेस. एकदा माझ्या मागं येऊन बस.”

पुढच्या तालमीला मी त्यांच्या मागं, भिंतीला पाठ लावून बसले. तिथून दाराची चौकट वेगळीच दिसत होती. चूल खाली, त्या खाली बसलेल्या, मान वर न करणाऱ्या. दारातल्या दोघांचे चेहरे तिथून दिसतच नव्हते. दिसत होते चार पाय. बापाचे घट्ट, मुलाचे अस्वस्थ, एक पाय उंबऱ्याबाहेर टेकलेला. सकाळपासून मला वाटत होतं की ताई खाली बघतायत, म्हणजे आई दबलेली दाखवायचीय. त्या बघत होत्या मुलाच्या पायांकडे. तो बाहेरचा पाय उचलला गेला की त्यांचा हात थांबायचा. वाक्याची वाट त्या बघतच नव्हत्या.

त्या दिवशी रात्री खोलीवर मी फोनवर ‘कोर्ट’ पुन्हा लावला. चैतन्य ताम्हाणेंचा हा सिनेमा २०१४ मध्ये व्हेनिसला गाजला, पुढं सुवर्णकमळही मिळालं. त्यात गीतांजली कुलकर्णींनी सरकारी वकील नूतनचं काम केलंय. कोर्टात ती कलमं आणि आरोप असे वाचते की अनेक वर्षं तेच कागद वाचून आवाज सपाट झालाय. मग तिचं काम सुटतं आणि कॅमेरा तिच्याबरोबर निघतो. लोकलच्या डब्यात शेजारणीशी साडीवर, तेलावर बोलणं, मुलाला घेऊन घरी येणं, स्वयंपाक, ताटं. कॅमेरा लांब एका जागी उभा, मधे कापाकापी नाही. असल्या लांबलचक शॉटमध्ये नटीला लपायला जागा नसते, कारण हात खोटे असले तर ते सलग दोन मिनिटं खोटे दिसतात. मी पूर्वी हा सिनेमा तीनदा पाहिला होता आणि नूतनचा राग येऊन दरवेळी संपवला होता. माणातल्या त्या खोलीत मला पहिल्यांदा ती दमलेली दिसली. एका माणसाचं आयुष्य तिच्या युक्तिवादावर टांगलंय आणि तिला घरी जाऊन भात लावायचाय. राग गेला नाही, पण त्याच्या शेजारी दुसरं काही तरी येऊन बसलं.

गीतांजली कुलकर्णी ‘फोटोग्राफ’मध्ये घरकाम करणारी बाई आहेत, ‘सर’मध्येही त्याच व्यवसायातली, ‘मुक्ती भवन’मध्ये बनारसला मरायला निघालेल्या सासऱ्याची सून. देशभरातल्या घरांत त्या पोचल्या त्या ‘गुल्लक’ या वेबमालिकेतल्या आईमुळं. राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून शिकून आलेल्या नटीला मोलकरणीचं काम पुन्हा पुन्हा येतं, याचं मला पूर्वी वाईट वाटायचं. अजूनही थोडं वाटतं, कारण कुणाच्या चेहऱ्याला कुठली कामं देतात हे आपल्या सिनेमात जातीपातीनं आणि रंगानंही ठरतं, आणि त्यावर आपण मोकळेपणानं बोलत नाही. पण त्या दोन्ही मोलकरणी वेगवेगळ्या आहेत. त्यांच्या हातांचा वेगसुद्धा वेगळा आहे.

भाषा हा आणखी एक हातच म्हणायचा. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’मध्ये अमृता सुभाषनी माहुताच्या बायकोचं, चन्नम्माचं काम केलं, कानडी बोलत. स्मृतिभ्रंश झालेले संस्कृत पंडित, म्हणजे मोहन आगाशे, हत्तीमागं चालत तिच्या पालापर्यंत येतात. त्यांना ती कळत नाही, तिला ते कळत नाहीत, आणि ती त्यांना जेवू घालते. या कामाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मराठी प्रेक्षकाला तिच्या वाक्यांचा अर्थ नीट लागत नाही, आणि त्यामुळंच तो तिच्या हातांकडे बघायला लागतो.

आता पैशाबद्दल, कारण त्याशिवाय हे लिहिणं अप्रामाणिक होईल. माणातल्या चार दिवसांचं ताईंना एक पाकीट मिळालं. मुंबईला परतताना गाडीत त्या मला हिशोब सांगत होत्या, तक्रारीच्या सुरात नव्हे, महिन्याचा किराणा सांगावा तसा. घर चालतं मालिकेवर. तिथं दिवसावर पैसे असतात, आणि ते हातात पडतात तीन महिन्यांनी. महिन्याला कधी दहा दिवस लागतात, कधी दोन. त्या वेळी एका मालिकेत त्या नायकाच्या मावशीचं काम करत होत्या. सहा दिवस सलग मागितले तर मिळेनात. शेवटी लेखकानं मावशीला गावाला पाठवलं आणि या खरोखरच्या गावात आल्या. परत गेल्या तेव्हा मावशी गावाहून परतलीच नाही. कुणी फोन करून काढलं नाही, नुसत्या तारखा यायच्या थांबल्या. पुढचे पाच महिने त्या एका नाट्यशिबिरात लहान मुलांना शिकवत होत्या.

ताईंनी वयाच्या विशीत एकांकिका स्पर्धांतून सुरुवात केली. मग प्रायोगिक नाटकं, बालनाट्यं, एका व्यावसायिक नाटकात बदली कलाकार म्हणून दीडशे प्रयोग. सिनेमात आजवर तीसेक कामं, त्यातले अकरा सिनेमे प्रदर्शित झाले. उरलेले कुठल्या तरी हार्ड डिस्कवर आहेत. चाळिशीनंतर नायिकेची मैत्रीण संपली आणि आई सुरू झाली, मधे काहीच नव्हतं. पुरुष नटाला त्या मधल्या वर्षांत पोलीस मिळतो, सरपंच मिळतो, वकील मिळतो. “मला कुणी व्यवसायच देत नाही ना,” ताई म्हणाल्या, “म्हणून मी विचारून घेते.”

पायल कपाडियांच्या ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’मध्ये छाया कदमांनी केलेली पार्वती मला म्हणूनच इतकी महत्त्वाची वाटते. ती मुंबईतल्या इस्पितळाच्या स्वयंपाकघरात काम करते. नवरा गेलाय, ज्या खोलीत इतकी वर्षं राहिली तिचा कागद हातात नाही, आणि बिल्डरला जागा हवीय. रात्री ती आणि तिथलीच नर्स प्रभा मिळून बिल्डरच्या जाहिरातीच्या फलकावर दगड भिरकावतात. तो दगड टाकताना पार्वतीचा खांदा बघा, रोज मोठी पातेली उचलणारा खांदा आहे. मग ती मुंबई सोडून रत्नागिरीकडे आपल्या गावी निघून जाते. या सिनेमाला २०२४ मध्ये कान महोत्सवात ग्रां प्री मिळाला. तीस वर्षांनी भारतातला सिनेमा तिथल्या मुख्य स्पर्धेत पोचला होता. त्याच वर्षी त्याच महोत्सवात, डायरेक्टर्स फोर्टनाइट विभागात, छाया कदमांचा ‘सिस्टर मिडनाइट’ही होता. त्या मूळच्या सिंधुदुर्गातल्या धामापूरच्या, वाढल्या मुंबईत कलिन्याला. कोकण सोडून मुंबईत आलेल्या आणि मुंबईनं परत धाडलेल्या बाईचं चालणं त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. पण ते पडद्यावर यायला ‘फँड्री’नंतरची दहा-अकरा वर्षं, मधल्या कितीतरी चार-चार दिवसांच्या कामांची साखळी लागली. त्या दहा वर्षांत घरभाडं कसं भरायचं, हा प्रश्न टाळ्या वाजवताना आपण विसरतो.

आमचा सिनेमा पुरा व्हायला दीड वर्ष लागलं. पैसे संपले, पुन्हा जमले, संकलक बदलला. पुण्यातल्या एका महोत्सवात दुपारच्या वेळेला तो दाखवला. ताई माझ्या शेजारी बसल्या होत्या, मावशींचा मुलगा पुढच्या रांगेत. भाकरीचा प्रसंग आला आणि मी वहीशिवाय बसलेली असूनही मनात मोजायला लागले. ताईंचा क्लोज संकलनात गेला होता. दुपारभर खपून घेतलेला, माझ्या डाव्या-उजव्याच्या चुकीचा, तो अख्खा क्लोज. पडद्यावर दारातले दोघे होते आणि कडेला, धुरात, एक पाठमोरी बाई. दोन वाक्यांपैकी एक उरलं होतं. पण थापा सगळ्या होत्या. ‘नाही’च्या आधी तीन. ‘पुण्याला’च्या आधी पाच. ‘जातो’नंतर काहीच नाही, आणि त्या शांततेत सभागृहातलं कुणीतरी श्वास घेतलेला मला ऐकू आला.

मी ताईंकडे बघितलं नाही. त्यांचे हात मात्र मांडीवर दिसत होते. ते हलत नव्हते.

बाहेर आवारात चहा घेताना मी क्लोजचा विषय काढला. मला फार लागलं होतं. ताईंनी पेला खाली ठेवला. “प्रसंग पोराचा आहे. मी दिसले असते तर लोक त्याच्याकडे बघायचे थांबले असते.” मग जरा वेळानं म्हणाल्या, “एक वाक्य ठेवायला हवं होतं पण.” कुठलं ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मला ते माहीत होतं.

मावशींचा मुलगा आला, पाया पडला. आई आली नाही, गुडघे दुखतायत, म्हणाला. भाकरी आईसारखीच होती, असंही म्हणाला. ताईंनी त्याला विचारलं, मान कशीय त्यांची?

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. को-ऑर्डिनेटर होता. कुणाचा तरी पहिला सिनेमा, नर्सचं काम, दोन दिवस, पैसे फार नाहीत, पुढच्याच आठवड्यात. चहाच्या पेल्यावर बशी झाकत ताई पलीकडे सरकल्या, आणि त्यांचा प्रश्न मला ऐकू आला.

“कुठल्या वॉर्डातली?”